सतरा नंबरच्या विहिरीचा कठडा

दूध पिता पिता रेवा झोपते तेव्हा आधी एक उसासा येतो आणि मग माझ्या गाऊनच्या गळ्याला धरलेली तिची मूठ सुटते. मूठ सुटली की माझ्या हाती चाळीस मिनिटं. ती आठ महिन्यांची आहे आणि एकेचाळिसावं मिनिट तिनं मला अजून एकदाही दिलेलं नाही.

आजच्या चाळीस मिनिटांचं काम ठरलेलं आहे. फोनवर विद्यापीठाचा अर्ज उघडा आहे, तो पाच वाजेपर्यंत पाठवायचा. एम. एस्सी. भूगोल, लघुप्रबंध सादर न केलेल्या विद्यार्थ्यांसाठी. दोन चौकटी आहेत. एकीत 'मुदतवाढ हवी', दुसरीत 'नोंदणी रद्द करावी'. मी दुसरीवर खूण केली आहे. फक्त 'पाठवा' दाबायचं राहिलंय. डाव्या हातावर रेवाचं डोकं आहे आणि उजव्या हाताच्या बोटांना तिला भरवलेलं बीट, म्हणून राहिलंय. दुसरं काही कारण नाही, असं मी स्वतःला सांगते.

उशीशेजारी माझी विहिरींची वही उघडी आहे. खडकेवाडीच्या चाळीस विहिरी. प्रत्येकीसमोर दोन आकडे: कठड्यापासून पाणी किती खाली, आणि कठडा जमिनीपासून किती वर. पहिल्यातून दुसरा वजा केला की पाण्याची खरी खोली कळते. एकोणचाळीस विहिरींचं सगळं झालंय. सतरा नंबरचा कठडा मात्र कोरा आहे. ती विहीर नेमकी गावाच्या मध्यावर, त्यामुळे माझ्या नकाशावरची पाण्याच्या पातळीची प्रत्येक रेषा तिथपर्यंत येते आणि पुढे कुठं जावं ते न कळून थांबते.

खिडकीचा पडदा हलतो. त्यावरच्या वेलबुट्ट्या एकमेकींच्या जवळ सरकतात, आणखी जवळ, समोच्च रेषांसारख्या. रेषा जवळ आल्या म्हणजे चढ तीव्र. मी चढतेय. दम लागतोय. चादर मुरमाड आहे.

"चपला काढू, की घरात असंच चालतं तुमच्याकडे?"

दारात तारळेकर मॅडम उभ्या आहेत. सुती साडी, खाली निळे कॅनव्हासचे बूट, डोक्यावर फिल्डवरची हॅट आणि अंबाड्यात खोचलेली लाल-निळी पेन्सिल. मॅडम दिवाळीत गेल्या. रेवा तेव्हा साडेतीन महिन्यांची होती, मला जाता आलं नाही. त्या वारल्यात हे मला पक्कं ठाऊक आहे, पण घरी आलेल्या माणसाला तोंडावर कसं सांगायचं?

"या ना मॅडम. बूट राहू देत."

"राहणारच आहेत. वर काढायला लावतात. ढगांवर डाग पडतात म्हणे." त्या पलंगाच्या कडेवर बसतात. पलंग सहलीच्या बससारखा एका बाजूला कलतो. "काय सांगू शलाके तुला, एवढे ढगांचे दहा प्रकार शिकवले जन्मभर, आणि वर बघते तर एकच. सगळा कापूस. मी तिथल्या व्यवस्थापनाला म्हटलं, निदान थोडे पिंजून घ्या."

"मग?"

"म्हणाले, अर्ज करा. अर्जावर विभागप्रमुखांची सही हवी. विभागप्रमुख अजून खाली आहेत, जिवंत. आता वाट बघणं आलं."

मी हसते, आणि लगेच तोंडावर हात ठेवते, रेवा उठेल म्हणून. मॅडम वाकून तिच्याकडे बघतात.

"ही का ती? नाव काय ठेवलंस?"

"रेवा."

"नर्मदा! खचदरीतून वाहते. इकडंतिकडं न वळता सरळ जायचं, तेसुद्धा सगळ्यांच्या उलट्या दिशेला." त्या समाधानानं मान हलवतात. "तुला जड जाणार आहे ही पोरगी. पण नाव छान."

आम्ही आता कॉलेजच्या नकाशांच्या खोलीत आहोत. म्हणजे पलंग तोच आहे, दोरीवर दुपटी वाळताहेत, पण दुपट्यांवर गोदावरीचं खोरं छापलंय. वॉशिंग मशीनवर पृथ्वीचा गोल फिरतोय. त्याचा आवाज मशीनसारखाच येतोय.

"बाकीची पोरं काय करतात?" मॅडम हजेरी घ्यावी तसं विचारतात. "तो इंद्रजित? होकायंत्र हातात घेऊन बाथरूम शोधत हिंडायचा तो?"

"तो नकाशांच्या कंपनीत आहे, मॅडम. दिवसभर उपग्रहाच्या फोटोवरून घरांची छपरं गिरवतो. पुण्याची साठ हजार झाली म्हणे."

"आणि बाथरूम?"

"ते आता फोन दाखवतो."

"शर्वरी?"

"पर्यावरणाचे अहवाल करते. कारखाना यायच्या आधी तिथली झाडं मोजायला जाते."

"आल्यानंतर कोण मोजतं?"

"आल्यानंतर तिला बोलवत नाहीत."

मॅडम 'हं' म्हणतात. त्यांच्या 'हं'ला आम्ही परीक्षेपेक्षा जास्त भ्यायचो. मग त्या माझ्याकडे वळतात. "आणि तू?"

मी रेवाकडे बोट करते. "ही."

"ते दिसतंय मला. मी तुझं विचारतेय."

मला एकदम सगळं बोलायचं असतं. मामेसासूबाई म्हणाल्या होत्या, भूगोल शिकून काय होतं गं, दिशा तर आम्हालाही कळतात, सूर्य उगवतो ना. ते सांगायचं असतं. गाळाच्या मातीचा अभ्यास केलेल्या बाईला शेवटी सिंकमधला गाळच काढावा लागतो, हेही सांगायचं असतं. पण तोंडातून भलतंच येतं.

"मी नोंदणी रद्द करतेय, मॅडम."

त्या चिडत नाहीत, आणि ते जास्त वाईट. पदर खोचून त्या स्वयंपाकघराकडे निघतात. "चल. टेप घे."

"आत्ता? रेवा..."

"तिलाही घे. सहलीला आलेल्यांत सगळ्यांत कमी कटकट तिचीच असेल."

स्वयंपाकघराच्या फरशीवर कुसळं उगवलीत. ऊन मे महिन्याचं. ओट्याच्या जागी काळ्या दगडाचा गोल कठडा, त्यावर घासायची भांडी तशीच पालथी, आणि खाली खोल खोल पाणी. ही सतरा नंबरची विहीर, हौसाक्कांची. हौसाक्का स्वतः मिक्सरशेजारी उभ्या राहून आमच्याकडे बघताहेत आणि मोजणीच्या वेळी म्हणाल्या होत्या तेच पुन्हा म्हणताहेत: "पाणी हाय तितकंच ऱ्हानार, बाई. मोजून वाढनार हाय का?"

मॅडम वाकून कठड्याजवळची माती चिमटीत घेतात, चुरतात, जिभेवर ठेवतात. त्यांची ही सवयच. मातीचा पोत बोटांना कळतो आणि खारटपणा जिभेला, असं म्हणून त्यांनी आमच्या पाच तुकड्यांना माती चाखायला लावली. पालकांच्या तक्रारी आल्या तेव्हा त्यांनी पालकांनाही चाखायला लावली.

"यंदाही गोडच आहे," त्या म्हणतात. "वही काढ. सतरावी ओळ. कठडा?"

"कोरा आहे."

"का?"

हे मला पाठ आहे. दहा महिने मी स्वतःला हेच सांगत आलेय. "माझी चूक, मॅडम. सातवा महिना होता. वाकवत नव्हतं, गरगरत होतं, लक्ष नव्हतं. पुन्हा जाईन म्हटलं, तोवर ही झाली. मग तुम्ही... म्हणजे, मग दिवाळी आली. साठ सेंटिमीटर टाकणार होते. बहुतेक कठडे साठच्या आसपास आहेत."

"टाकलंस?"

"टाकलं. मग खोडलं. तुम्ही ओरडाल असं वाटलं."

"मी तर मेले होते."

"तरीही."

मॅडम जोरात हसतात. विहिरीतून ते हसू परत येतं. मग त्या हॅट काढून भांड्यांवर ठेवतात आणि पहिल्यांदाच जरा वरमल्यासारख्या दिसतात. खालच्या आवाजात म्हणतात, "नीट आठव. त्या दिवशी टेप कुणाकडे होता?"

"माझ्याकडे."

"आणि वही?"

ऊन डोळ्यांवर येतं. मला दिसतं. मी कठड्याला टेप लावून उभी आहे, आकडा वाचायला तोंड उघडते, आणि तेवढ्यात पोटातून अशी सणसणीत लाथ बसते की माझ्या तोंडून आकड्याऐवजी "आई गं" निघतं. मॅडम दोन ढांगांत माझ्याशेजारी येतात. पेन्सिल अंबाड्यात खोचतात. वही काखेत मारतात. तळवा माझ्या पोटावर ठेवतात. पुन्हा एक लाथ, थेट त्यांच्या हातावर. त्या इतक्या आनंदतात की हौसाक्कांना चहा टाकायला सांगतात. आम्ही सावलीत बसून चहा पितो. मग अठरा नंबरकडे निघतो.

"वही तुमच्याकडे होती," मी हळूच म्हणते.

"बत्तीस वर्षं नोकरी केली." मॅडम कठड्यावर टेकतात. "विहिरी, ओढे, टेकड्या, पावसाची मापं. एक रकाना कोरा ठेवला नाही. पोरांना सांगत आले, अंदाजानं भरायचं नाही, रिकामंही सोडायचं नाही, त्यात लाल गोल काढायचा. गोल म्हणजे परत जा. आणि स्वतः मात्र लाथ खाऊन विसरले. बाकीच्यांचे आत्मे कशाकशात अडकतात! कुणाचा मुलात, कुणाचा बागेत. आणि मी अडकलेय दगडी कठड्यात. वर सांगायचीसुद्धा लाज वाटते."

"म्हणून आलात होय!"

"मग काय तुझ्या हातचं बीट खायला?"

मला हसू येतं आणि रडूही, आणि स्वप्नात ती दोन्ही एकाच नळातून येतात. "पण मॅडम, मला वाटत होतं की हिच्यामुळे माझं राहिलं."

"हिच्यामुळे माझं राहिलं. तुझं नाही. तू दुसऱ्याच्या चुकीपायी अभ्यासक्रम सोडतेस? असा नियम कुठल्या विद्यापीठात आहे?" त्या पेन्सिल काढतात. "कठडा जागचा हलणार नाही. पाऊस आला-गेला तरी त्याची उंची तीच. हौसाक्काचा चहाही तोच, गुळमट. जा आणि मोज."

"हिला घेऊन?"

"हिला घेऊनच. साक्षीदार आहे ती." त्या वहीवर वाकतात, मग थांबतात. "आणि शलाके, तिकडं उत्तर दिशा नाहीये गं. कुठंच. कुणाला विचारलं तर म्हणतात, लागते कशाला. मला फार चुकल्यासारखं होतं." क्षणभर त्या माझ्या खिडकीकडे बघतात. "ही उत्तर ना?"

"हो मॅडम. थोडी पूर्वेकडे."

"किती थोडी?"

"बारा अंश."

"शाब्बास," त्या म्हणतात, आणि विहीर भरून येते. पाणी कठड्यापर्यंत येतं, कोमट, माझ्या मांडीवरून वाहतं.

रेवानं दुपटं ओलं केलंय. मांडीही, चादरही. ती उताणी पडून पायांशी बोलतेय आणि माझ्याकडे बघून हसतेय. चार वाजून दहा मिनिटं झालीत. माझं एकेचाळिसावं मिनिट तर आहेच, वर पंधरा जास्त.

मी आधी तिला कोरडं करते. मग फोन हातात घेते, खूण पुसते, वरच्या चौकटीत करते. खाली कारण विचारलंय. एका अंगठ्यानं लिहिते: 'सतरा क्रमांकाच्या विहिरीचा कठडा मोजायचा राहिला आहे.' पाठवते. मोजणीच्या वेळी हौसाक्कांनी दिलेला नंबर फोनमध्ये आहे. त्या दुसऱ्या रिंगला उचलतात. रविवारी येतो म्हणते, आम्ही दोघी.

"मागल्या वक्ताची ती दुसरी बाई न्हाई येत?" त्या विचारतात.

"आल्यासारख्याच आहेत," मी म्हणते.

मग वही मिटायला घेते. सतरावी ओळ मॅडमच्याच तिरप्या अक्षरात आहे. दहा महिने मी फक्त तिच्यातली कोरी जागा बघत होते. आणि आता तीही कोरी नाही. रकान्यात एक लाल गोल आहे, जरासा वाकडा, मऊ गादीवर वही ठेवून काढल्यासारखा.

आमच्या घरात लाल पेन्सिल नाही. बीट मात्र आहे. रेवाच्या बोटांना आहे, माझ्या आहे, उशीलाही आहे. मी वहीचा वास घेते, पण नुसत्या वासावर निष्कर्ष काढायची आम्हाला सवय नाही. म्हणून दार बंद आहे याची खात्री करते, आणि गोलाला जिभेचं टोक लावते.

गोड नाही. मेणासारखं लागतं.