मेतकुटाआडची गोळी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्या काकांइतकी माझ्या तब्येतीची काळजी करणारा माणूस अख्ख्या जपानात दुसरा नव्हता, आणि माझं डोकं उठवणाराही. २००० सालच्या वायटूकेची धास्ती ओसरून तीन-चार वर्षं झाली होती. टोकियोच्या हिगाशी-कसाई भागातल्या आमच्या इमारतीत दर महिन्याला पुण्या-मुंबईहून एखादा नवा सॉफ्टवेअरवाला प्रेशर कुकर घेऊन उतरायचा, आणि काका लिफ्टमध्ये त्याचं एकाच वाक्याने स्वागत करायचे, "जीभ दाखवा बघू." तो बिचारा बायकोसमोर, बॅगांसमोर, किल्ल्या द्यायला आलेल्या जपानी एजंटसमोर गोंधळून जीभ बाहेर काढायचा. काका चष्मा कपाळावर चढवून ती निरखायचे आणि "कडेला दातांचे वण आहेत. प्लीहा थकलीय," एवढं सांगून सातव्या मजल्यावर उतरून जायचे. आपल्याला प्लीहा नावाचं काही आहे हेच त्या माणसाला तोवर ठाऊक नसायचं.

खरं तर काका मुंबईच्या एका बँकेचे टोकियोतले अधिकारी. कागदावर एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तर अख्खी फाइल परत पाठवणारा माणूस. पण नदीकाठच्या बागेत सकाळी चीगाँग, म्हणजे श्वासाचे चिनी व्यायाम, शिकवणारी एक वयस्क चिनी बाई त्यांना भेटली आणि पुरावा मागायची त्यांची सवय तिथल्या तिथे संपली. बाई जपानी बोलायच्या, तेही चिनी वळणाचं. काकांचं जपानी 'सुमिमासेन', म्हणजे 'माफ करा', याच्या पुढे गेलेलं नव्हतं. मधली सगळी मोकळी जागा त्यांनी स्वतःच्या बुद्धीने भरून काढली. त्यांचं म्हणणं असं, की माणूस मुळात शरीर नव्हेच, जाणीव आहे. मन हुकूम सोडतं, त्यामागून ची, म्हणजे प्राणशक्ती, चालते, चीमागून रक्त चालतं. आजार म्हणजे जाणिवेत बसलेली गाठ. "तुमचं ते सॉफ्टवेअर असतं ना, तसंच," ते मला समजावायचे. अहो, मी सॉफ्टवेअरवाला आहे! माझं सॉफ्टवेअर आजवर एकदाही मनाच्या हुकमाने चाललेलं मला आठवत नाही.

त्यांच्यापाशी कोणाला चिडायचीही सोय नव्हती, हा त्यांचा सगळ्यात मोठा गुन्हा. चिनी वैद्यकात प्रत्येक भावनेला एकेक अवयव नेमून दिलेला आहे. दुःख फुप्फुसांकडे, चिंता प्लीहेकडे, राग यकृताकडे. त्यामुळे मी तावातावाने "काका, हे सगळं थोतांड आहे!" म्हटलं की ते गहिवरून म्हणायचे, "हे तुम्ही नाही बोलत आहात. यकृत बोलतंय." आणि खाली वाकून माझ्या पायाच्या अंगठ्याजवळची एक जागा अशी दाबायचे की मी किंचाळायचो. "बघा, किती साचलंय!" माझा पाच वर्षांचा मुलगा त्यांना बघून दाराआड पळाला आणि जपानीत "कोवाई!" म्हणाला, म्हणजे भीती वाटते. तर लगेच, "भीती! मूत्रपिंड! त्याला आइस्क्रीम देऊ नका." मूल सहा महिने आइस्क्रीमला मुकलं. सांगा, एखाद्याने वाद घालायचा तरी कसा?

एकदा इमारतीत घरोघर फिरणाऱ्या सूचनांच्या पाटीवर नवा कागद आला. वाचून, शिक्का मारून शेजारच्या दारात ठेवायची अशी ही पाटी. सातव्या मजल्यावरचे कोणी गृहस्थ रोज सकाळी गॅलरीत उभे राहून समोरच्या इमारतीला दोन्ही हातांनी ढकलल्यासारखं करतात, त्याने समोर राहणाऱ्या एका बाईंना अस्वस्थ वाटतं, तरी कृपया, वगैरे. मी हे वाचून दाखवलं तेव्हा काका शरमतील अशी माझी भाबडी समजूत होती. त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे ची पोचतेय! एवढ्या अंतरावरून पोचतेय!"

इथवर ठीक होतं. पण त्या वर्षीच्या ऑफिसच्या तपासणीत त्यांचं ब्लडप्रेशर एवढं वर निघालं की डॉक्टरांनी पुन्हा मोजलं, आणि रोज एक गोळी घ्यायला सांगितली. काकांनी गोळ्या आणल्या आणि टेबलाच्या खणात टाकल्या. "गोळी म्हणजे मनाचा अपमान." काकू एके सकाळी आमच्याकडे येऊन मुळूमुळू रडल्या. "अरे, परक्या देशात यांना काही झालं तर मला अँब्युलन्ससुद्धा बोलावता यायची नाही. तू तरी काहीतरी कर."

मी केलं. आयुष्यात इतकं हुशार मी पूर्वी काही केलं नव्हतं, यावरूनच मला शंका यायला हवी होती. काका रोज सकाळी तांदळाची पेज घ्यायचे. लहानपणी पेज बघून रडणारा हा माणूस चिनी बाईंनी शिफारस केल्यापासून वाडगा चाटून पुसून ठेवायचा. मी काकूंना म्हटलं, "मूळ सिस्टिमला हात लावायचा नाही. मागून पॅच टाकायचा. गोळी कुटून पेजेत घाला, वर मेतकूट. कळणार नाही." काकू आधी घाबरल्या, मग खलबत्ता काढला.

दोन महिन्यांत प्रेशर उतरलं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली, आणि ऑफिसातला डॉक्टर प्रसन्न झाला. आणि काका? काकांनी इमारतभर दवंडी पिटली! एक गोळी न घेता, निव्वळ जाणिवेने! आता माझ्या संतापाची कल्पना करा. जे थोतांड म्हणून मी दीड वर्ष ओरडत होतो, त्याचा एकमेव सज्जड पुरावा मीच तयार करून दिला होता, आणि तोच काका माझ्या तोंडावर फेकत होते. "तुम्हीच पाहिलंत ना, आकडे?" मी दात-ओठ खात "हो" म्हणायचो. यकृताचं काय होत असेल ते देवाला ठाऊक.

त्या सुमाराला माझी आई पुण्याहून राहायला आली. दिवसभर घरात एकटी. नातवाशी बोलायला जावं तर तो जपानीत उत्तरं देणार. काकांनी तिला सकाळी बागेत न्यायला सुरुवात केली. अदृश्य झाडाला मिठी मारून वीस मिनिटं उभं राहायचं, त्यात ती फार रमली. मला बरंच वाटलं. एका रविवारी नाश्त्याला मी विचारलं, "आई, शुगरची गोळी घेतलीस?"

"सोडली की."

"म्हणजे?"

"तीन दिवस झाले. त्यांनी नाही का सोडली? त्यांचं बघ कसं उतरलं. तूच तर सांगत होतास आकडे खरे आहेत म्हणून."

मी घातली होती ती चप्पलसुद्धा न बदलता जिना चढलो. लिफ्टची वाट बघायचा धीर नव्हता. वर काका पेजेला बसलेले, काकू मेतकुटाची बरणी हातात घेऊन उभ्या. माझा चेहरा बघूनच त्यांनी बरणी खाली ठेवली.

"काका, प्रेशर तुमच्या चीने नाही उतरलं. गोळीने उतरलंय. पेजेत असते रोज. चार महिने. काकूंचा दोष नाही, माझी आयडिया. आणि तुमच्यामुळे आईने तिची गोळी सोडलीय!"

काकांनी चमचा खाली ठेवला. माझ्या पायाकडे त्यांचा हात गेला नाही.

"कडू लागायची," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, मेतकूट जुनं झालंय. इतक्या लांबून आणलेलं, हिला वाईट वाटेल, म्हणून बोललो नाही."

काकूंनी पदर तोंडाला लावला. काका उठले आणि घरातल्या सपाता घालूनच खाली आमच्याकडे आले. आई भांडी आवरत होती.

"आजी, गोळी घ्या. माझं चुकलं. मी रोज घेत होतो, मला माहीत नव्हतं. आमच्या चिनी बाईंनी गोळ्या सोडा असं कधी सांगितलेलं नाही. ते माझंच."

आईने हात पुसले. "घेते. पण ते झाडाचं बंद नका करू हं. गोळी घेऊन करता येतं ना ते?"

एवढ्या महिन्यांत ही गोष्ट काकांच्या डोक्यातच आली नव्हती, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. "येतं की," ते म्हणाले.

आईची साखर पुन्हा आटोक्यात यायला तीन आठवडे लागले. तोवर मी रोज सकाळी तिच्या बोटाला सुई टोचत होतो, आणि काका दाराशी उभे राहून आकडा विचारून जात होते. स्वतःची गोळी ते काकूंच्या तळहातावरून उचलून, पाण्याबरोबर, सगळ्यांदेखत घ्यायचे. जीभ बघणं मात्र त्यांनी सोडलं. नवी कुटुंबं लिफ्टमध्ये नुसतीच चढायची आणि उतरायची.

पुढच्या वसंतात त्यांची मुंबईला बदली झाली. विमानतळाच्या बसपाशी मी त्यांच्या बॅगा चढवल्या. काका पायरीवरून वळले. "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. चार महिने उशीर केलात, पण बरं केलंत." मग म्हणाले, "मी तुमच्या जागी असतो तर पहिल्याच दिवशी सांगून टाकलं असतं."

बस सुटली. एवढं ऐकून घेतल्यावर मला संताप यायला हवा होता. मी स्टॉपवर बराच वेळ उभा राहून त्याची वाट पाहिली. नाही आला.