बायकोचे दुरुस्त केलेले पत्र

आमच्या गावच्या ग्रंथालयात मी वर्षभर एका जुन्या लेखकाची पत्रे पुस्तकासाठी उतरवून घेत होते. एकोणिसाव्या शतकात स्त्रीशिक्षणासाठी हिरिरीने लिहिणारा हा माणूस. हातात लेखणी घेतल्याशिवाय त्याला वाचताच येत नसावे. त्याच्या प्रत्येक पुस्तकाच्या समासात तांबड्या शाईच्या दुरुस्त्या आहेत.

एका दुपारी त्याच्या बायकोच्या माहेरून आलेले गाठोडे मी उघडले. त्यात तिनेच त्याला लिहिलेले पत्र होते. अक्षर मोठे, वाकडे. लिहायला त्यानेच शिकवले होते. 'बाळीचा ताप ऊतरत नाही. आपण लवकर यावे.' त्याने 'ऊ' खोडून 'उ' केला होता आणि खाली लिहिले होते, 'अक्षर सुधारले आहे. ऱ्हस्वदीर्घाकडे लक्ष द्यावे.' बस्स. एवढे करून पत्र तिलाच परत पाठवले होते. त्यानंतरचे तिचे एकही पत्र मला सापडले नाही.

मी ते ग्रंथालयाच्या अध्यक्षांना दाखवले. ते म्हणाले, "बाई, हे पुस्तकात नको. केवढा मोठा माणूस!"

"पण त्या मुलीचं काय झालं असेल?"

"तो आपला विषय नाही."

मी पत्र वगळले. प्रकाशनाच्या दिवशी मला शाल मिळाली. एक वयस्कर बाई माझा हात धरून म्हणाल्या, "त्या काळात बायकोला शिकवणारा नवरा! भाग्य लागतं हो."

मी मान डोलावली.