ग्रीस लावलेली पुली
सायकलच्या दुकानात ग्रीसचा वास आला की मला अकरावीतली ती दुपार आठवते. भिलाईच्या आमच्या क्वार्टरच्या ओट्यावर मी दोन ठोकळे आणि पुलीचं गणित सोडवत बसले होते. बाबा स्टील प्लांटमधल्या क्रेनच्या पुल्यांना ग्रीस लावायचे. त्या दिवशी ते फर्स्ट शिफ्ट करून आले आणि चहाचा कप घेऊन माझ्या वहीत डोकावले. मी मोठ्यानं वाचलं, "पुलीत घर्षण नाही असे माना." "असं कावून मानाचं?" ते म्हणाले. "मंग मी इतकी वर्षं काय करून राहिलो?" मी खूप हसले. ते मात्र नखांतलं काळं ग्रीस बघत राहिले. आता मी फिजिक्स शिकवते. अशी घर्षण नसलेली पुली खरंच असते का, असं मुलं दरवर्षी विचारतात. असते, मी सांगते. कोणीतरी आत्ताच ग्रीस लावून घरी गेलेलं असतं.