पाच फण्यांचा नाग आणि संतराम बाशिंगवाला

देवाला वाहायचं दूध तुम्ही कधी कागदाला वाहिलंय? हसू नका. औंढा नागनाथाच्या जत्रेत, शिवरात्रीच्या दिवशी, एका चांगल्या शहाण्या बाईनं माझ्या डोळ्यांदेखत ते वाहिलं. तुम्ही त्या तंबूत असता तर तुमचेही हात जोडले गेले असते. माझे जोडले गेले. आणि मी सहजासहजी हात जोडणारा माणूस नाही, हे या मुलखात सगळ्यांना ठाऊक आहे.

बाईचं नाव अनुसयाबाई. तिचा नवरा संतराम जिनगर, राहणार गोरेगाव, मुंबईचं नव्हे, आमच्या मुलखातलं, धंदा बाशिंगं करण्याचा. भेंडाच्या पांढऱ्या, हलक्या गाभ्याचे पातळ काप, बांबूच्या कामट्या, चिंचोक्याची खळ आणि रंगीत बेगड, एवढ्या सामानावर हा माणूस नवरदेवाच्या कपाळावर मोर नाचवायचा. आसपासच्या गावांत त्याच्या बाशिंगावाचून लग्न लागत नसे. पण बाशिंग मांडवात आणि बाशिंगवाला मांडवाबाहेर. लग्न उरकलं की ते बाशिंग आढ्याला टांगायचं, मग त्यानं धुरानं काळं पडायचं. "चार दिसाचं काम आपलं," असं संतराम स्वतःच म्हणायचा, आणि मला त्याचा संताप यायचा.

१९४६ सालची गोष्ट. लग्नसराई तोंडावर आलेली, म्हणून संतरामनं नागनाथाच्या वाटेवर गोणपाट टाकून बाशिंगं मांडली होती. समोरच मोठा तंबू लागला होता. मुंबईकडची कुठलीशी सिनेमा कंपनी बुडाली, तिचं सामान एका मॅनेजरनं उचललं आणि तो जत्रांतून ते दाखवत फिरत होता. तंबूवर पाटी होती : ‘पडद्यावरच्या राजांचे खरे पोशाख, देवांचे खरे मुकुट.’ ते ‘खरे’ वाचूनच माझं डोकं फिरलं.

"चल संतराम, लोकाला कसं फसवून राहिले ते पाहू."

"येतो की. पर हिला बी घेऊ. सकाळपासून दर्शनाच्या रांगेत हाय, रांग काही हालंना."

अनुसयाबाई दुधाचा तांब्या तसाच धरून रांगेतून आली. कडक उपास होता तिचा. "देवाला दूध वाहिल्याबिगर म्या कुठं बसणार न्हाई," तिनं दम भरला.

"बसू नको. उभ्यानंच पाह्य," संतराम म्हणाला.

मॅनेजरची हजेरी घ्यायला म्हणून मी आत शिरलो आणि हजेरी तशीच राहिली. तंबूच्या पिवळ्या कापडातून ऊन झिरपत होतं. बांबूच्या सांगाड्यावर राजाचा जरीचा अंगरखा उभा होता, आत माणूस नव्हता, पण राजा आत्ताच बाहेर पडला असावा असं वाटत होतं. राणीच्या निळ्या शालूवर हजार काचा लुकलुकत होत्या. कोणी सांगितलं नव्हतं तरी लोकांनी वहाणा बाहेर काढल्या होत्या. पोरंसोरंसुद्धा कुजबुजत बोलत होती.

संतराम राजाकडं बघतच नव्हता. अंगरख्याची दुमडलेली कड तो नाक लावून पाहत होता. "टाका पाह्यला का दादा? सरळ. आतून बी सरळ. आतून कोण पाहून राहिलं? तरी सरळ!"

शेवटी होता नाग. पाच फण्यांचा, छातीएवढा उंच, काळा कुळकुळीत, लाल काचेचे डोळे, मागं कंदील. बायका त्याच्यापुढं दाटीनं उभ्या होत्या. अनुसयाबाई पुढं झाली, पदर सावरला, आणि "नागनाथा, हितंच भेटलास बाबा!" म्हणत तिनं अख्खा तांब्या मधल्या फण्यावर ओतला.

दूध काळं होऊन खाली गळायला लागलं. आणि तो फणा हळूहळू, अगदी हळूहळू वाकला, आणि त्याचं कपाळ वेटोळ्याला टेकलं.

"पावला! नाग पावला!" कोणीतरी ओरडलं. माणसं धडाधड जमिनीवर पडली. माझे हात कधी जुळले मला कळलं नाही.

"अरे, पावला कसला! कागदाचा लगदा आहे तो! बुडवलं मला या बाईनं!" मॅनेजर धावत आला आणि वाट अडवून उभा राहिला. बाहेरच्या पोलिस जवानाला त्यानं हाक मारली. "भीमसिंग, इसको चौकी पे बिठाओ!"

मी पुढं झालो. "बाईला हात लावला तर तंबू जागेवर राहायचा न्हाई! ‘खरे’ म्हणून पाटी कोणी लिहिली? खऱ्या देवाला दूध वाहिलं, तर गुन्हा तिचा का तुझा?"

"बात तो बराबर है," भीमसिंग मिशीत हसला. पण मॅनेजर ऐकेना. दिवेलागणीला खरी गर्दी होते. तोवर नाग होता तसा करून द्या, नाहीतर बाई चौकीवर बसेल. चौकी जत्रेच्या मधोमध. सगळे सोयरेधायरे तिच्यासमोरून जाणार.

अनुसयाबाईला त्याचं काही नव्हतं. ती रिकाम्या तांब्यात बघत होती. "बसवा मला चौकीवर. पर देवाचं दूध म्या सांडलं का वो?"

संतराम नागाजवळ गेला, "मला हात लावू देता का त्याला?"

"तू कोण?"

"बाशिंगवाला."

"हे मुंबईचं काम आहे, बाबा."

"कागद मुंबईचा बी भिजतोच की," संतराम म्हणाला.

भीमसिंग मोठ्यानं हसला, आणि मॅनेजरचा नाइलाज झाला. फणा सोडवून संतरामनं बाहेर उन्हात, आपल्या गोणपाटावर घेतला. गर्दी भोवती जमली. ओला लगदा खरवडता खरवडता तो एकदम थांबला.

"दादा, हिकडं या."

फण्याच्या आतल्या बाजूला, कोरड्या लगद्यात, अंगठ्याचा ठसा होता. खोल, रेघा न् रेघा दिसणारा.

"ह्यो बी माझ्यावानी आतून अंगठ्यानं दाबतो. आन् ह्या कामट्या पाह्या, बाशिंगाचीच गाठ मारली ह्यानं." "मला वाटलं व्हतं, ही कामं येगळ्याच लोकाची. ह्यो तर आपल्यातलाच निघाला!"

मी त्या माणसाला वीस वर्षं ओळखतो. त्याच्या डोळ्यांत तसं तेज मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मग त्याचे हात जे चालले! भेंडाचे नखाएवढे काप, त्यांवर खळ, खळीवर काळी बेगड, एकावर एक खवला. अनुसयाबाई तांब्या बाजूला ठेवून काप हातात देत होती, सुपानं वारा घालत होती. ऊन तिरपं झालं तसा फणा वाळला.

नागावर फणा चढवला, मागं कंदील लावला. चार फणे चमकत होते, पाचवा जिवंत होता. मॅनेजरनं दोनदा प्रदक्षिणा घातली आणि वाट मोकळी केली. भीमसिंगनं आधी नागाला हात जोडले, मग संतरामला सलाम ठोकला. "जाओ माँजी, दर्शन करो."

संतराम हलला नाही. "साहेब, ह्यो नाग केला कोणी?"

मॅनेजरनं सिनेमाचं छापील पत्रक काढलं. राजाचं नाव होतं, राणीचं होतं, ज्यानं भाड्यानं हत्ती दिला त्याचंसुद्धा होतं. नाग करणाऱ्याचं नव्हतं. "असेल कोणी कारागीर," तो म्हणाला. माझा पुन्हा भडका उडणार होता, पण संतरामनं माझा दंड धरला.

"जाऊ द्या. त्याच्या अंगठ्याशेजारी म्या माझा बी दाबलाय. दोघं हायेत आता आत."

त्या दिवसापासून ‘चार दिसाचं काम’ हे शब्द मी त्याच्या तोंडून ऐकले नाहीत. आज दोन वर्षं झाली, रझाकारांच्या धामधुमीत मुलखात नको ते सगळं होऊन गेलं, तो तंबू कुठं गेला ठाऊक नाही. पण तो नाग तुम्हाला कुठं भेटला, जत्रेत, गोदामात, एखाद्या संग्रहालयाच्या कपाटात, तर मधल्या फण्याच्या आत वाकून पाहा. तिथं दोन अंगठे आहेत. एकाचं नाव मी इथं लिहिलं आहे. दुसऱ्याचं तुम्ही शोधा, आणि गोरेगावला, संतराम जिनगराच्या घरी, कळवा.