भरती थांबते तेवढा वेळ

अद्भुत कथांचं आणि माझं कधी जमलं नाही. त्यांतले आकडे जुळत नसत. घोडा रात्रभर दौडतो आणि सकाळी ताजातवाना उभा असतो. राजवाड्याला हजार खोल्या, पण झाडणारी एकच. माणूस उडाला तर माझी हरकत नव्हती. तो किती लांब गेला आणि त्याला किती वेळ लागला, याचा मेळ बसावा एवढंच माझं म्हणणं. बंदरावरच्या कचेरीत भरती-ओहोटीची कोष्टकं उतरवण्यात ज्याचा दिवस जातो, त्याची आवड अशीच होणार.

तरीही ऐंशीनंतरच्या दशकात, मध्यावर कधीतरी, रत्नागिरीच्या बाजारातल्या एका रद्दीच्या दुकानात मला एक पुस्तक मिळालं आणि ते मी अजून टाकलेलं नाही.

मी तिथे जायचो तो पाठकोऱ्या कागदांसाठी. ज्यांच्या घरातली माणसं जहाजावर असत, त्यांच्याकडून परदेशी मासिकं आणि इंग्रजी कादंबऱ्या रद्दीत येत. या पुस्तकाचं वेष्टण आणि सुरुवातीची पानं गेलेली होती, त्यामुळे त्याचं नाव काय आणि ते लिहिलं कोणी, हे मला आजतागायत माहीत नाही. उरलेल्या पहिल्याच पानावर एक बाई चंद्राकडे बघून, पाणी कधी चढेल ते मुलीला सांगत होती. मी तिथेच उभा राहून पुढची पानं वाचली.

इंग्रजी पुस्तकांतले चमत्कार बर्फात आणि दगडी किल्ल्यांत घडतात, अशी माझी समजूत. इथे माडाची झाडं होती, वाळत घातलेली मासळी होती, न थांबणारा पाऊस होता. होडीच्या एका बाजूला आडवे दांडे आणि त्यांना बांधलेला ओंडका. शब्दकोशात बघून मग लक्षात आलं, ही तर आपली उलांडी. पॅसिफिक महासागरातल्या कुठल्याशा बेटांच्या जुन्या दैवतकथांवरून ही कादंबरी रचली आहे, एवढं शेवटच्या पानावरच्या टिपेत लिहिलं होतं.

आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ साधारण निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पेन्सिल घेऊन मी त्या पुस्तकातला चंद्र तपासायला बसलो. तिथल्या समुद्राला आपला नियम लागू पडावा असं काही नाही, आणि वेळा जुळल्या नसत्या तरी मी दोष दिला नसता. पण पाणी रोज किती उशिरा चढत जातं, ती चाल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बरोबर होती. एकही चूक नव्हती. त्यामुळे बुडालेल्या माणसांबद्दल ते पुस्तक जे सांगत होतं, त्याकडे मला दुर्लक्ष करता येईना.

ते असं होतं. समुद्रात गेलेला माणूस लगेच मरत नाही. तो तळावरून घराकडे चालत राहतो. भरती त्याला पुढे ढकलते, ओहोटी मागे ओढते. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला तो किनाऱ्यापर्यंत पोचतो. भरती पूर्ण झाली की पाणी उतरायला लागण्याआधी थोडा वेळ थांबतं. तेवढा वेळ तो घराकडे बघत उभा असतो.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. रुसून आली होती म्हटलं तरी चालेल. तिचं सासर पूर्णगडला, खाडीच्या मुखाशी. भावोजी मालवाहू जहाजावर होते. एका सकाळी ते जहाजावर नव्हते. आदल्या संध्याकाळी त्यांना डेकवर बघितलेली माणसं होती, त्यानंतरची नव्हती. एवढीच बातमी घरी आली आणि तिच्यात पुढे कधी भर पडली नाही.

आता त्याला बारा वर्षं होत आली होती. बारा वर्षं पत्ता लागला नाही की माणूस गेला असं धरायचं, पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि अग्नी द्यायचा, अशी रीत आहे. सासरच्यांचं म्हणणं, आता विधी करू या, म्हणजे त्याला गती मिळेल आणि पोराला बापाचं श्राद्ध तरी करता येईल. त्यांचं चुकत नव्हतं. पण आक्का तयार नव्हती. तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, कपाळावर कुंकू होतं. पानं जाळली आणि नंतर ते दारात आले तर कोणत्या तोंडाने पाणी देऊ, असं तिने दिराला विचारलं होतं आणि एसटी पकडून निघून आली होती.

एका दुपारी ती ओटीवर कुळीथ निवडत बसली होती आणि मी पुस्तक घेऊन.

"काय रे, गोष्टीच्या पुस्तकात पेन्सिल कसली?"

माझी बायको आतून म्हणाली, "त्यांना विचारू नका आक्का. काल त्यातल्या चंद्राची चौकशी लावली होती. निर्दोष सुटला."

आक्का हसली. वाच की मग, म्हणाली. तिला इंग्रजी येत नसे, म्हणून मी वाचून मराठीत सांगू लागलो. बुडालेल्या माणसांपर्यंत आलो तेव्हा मी थांबलो. तिने सुपातून मान वर न करता विचारलं, "मग तो सुटतो कधी?"

"पाणी थांबलेलं असताना घरच्यांनी काठावर जायचं. त्याच्यामागे घरात काय काय झालं ते सगळं सांगायचं. वाईटसुद्धा. बातम्या संपल्या की तो सुटतो. एक जरी लपवली तरी पुढच्या भरतीला परत काठाशी."

"त्यांच्यात बारा वर्षं नाहीत?"

"वर्षं नाहीत. बातम्या आहेत."

तिने सुपातले दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाली, "अमावास्येच्या भरतीला आमच्या मागल्या अंगणात वास येतो. एरवी खारा येतो. त्या दिवशी ओल्या कपड्यांचा येतो. मी मागचं दार लोटून ठेवते, कडी घालत नाही. कोणाला बोलले नव्हते."

मी पुस्तक मिटून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आक्काने पिशवी भरली. विधी करा, पण पानं पेटवण्याआधी मी त्यांना सगळं सांगणार, असं तिने सासरी कळवायला लावलं. मला म्हणाली, "तू ये. पाणी कधी थांबतं तेवढं मला सांग."

सासरचे लोक याला हसतील अशी मला भीती होती. तसं झालं नाही. तिच्या धाकट्या दिराने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गाऱ्हाणंच ना वहिनी? मग घालू या की." आपल्याकडे देवापुढे अडचण मोठ्याने मांडतात आणि मांडणाऱ्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेले लोक 'होय महाराजा' म्हणतात, त्यातलंच हे, असं त्याने धरलं. कुठल्या बेटांवरून ही रीत आली ते मी सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.

अमावास्येला भरती दुपारच्या सुमाराला पूर्ण होते. आम्ही पूर्णगडच्या किल्ल्याच्या खालच्या अंगाला जमलो. भटजी सावलीत पळसाची पानं लावत होते आणि मी त्यांना मोजून देत होतो. नारळ बाजूला ठेवलेला होता. पुस्तकातल्या बेटांवरचे लोकही बुडालेल्याच्या नावाने चटईवर नारळ ठेवतात, हे मला तेव्हा आठवलं आणि मोजणी चुकली. मी पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

पाणी थांबलं तसा मी हात वर केला.

आक्का घोटाभर पाण्यात उभी राहिली. ती रडली नाही. बाहेरगावाहून आलेल्या नवऱ्याला हातपाय धुताना बायको सांगते, त्या आवाजात तिने सुरुवात केली. सासूबाई गेल्या, आधी रोज तुमची चौकशी करायच्या, मग करायच्या थांबल्या. होय महाराजा, दीर म्हणाला. विहिरीला पाणी लागलं, पण मचूळ. होय महाराजा. वादळात पश्चिमेकडचा आंबा पडला. तुमचे शर्ट मी देऊन टाकले, एक ठेवला. एकदा तुमचा राग आला म्हणून महिनाभर कुंकू लावलं नाही. सासूबाईंनी बघितलं आणि त्या काही बोलल्या नाहीत. प्रत्येक वाक्याला दिराचा होकार येत होता, सवयीने, एका पट्टीत.

मग ती थांबली. वाळूवर फेसाची रेघ दिसू लागली होती. मला सांगावं लागलं, "आक्का, पाणी फिरतंय."

तिने मागे न बघता सांगितलं, "पोरगा जहाजावर जातोय. त्याने मला सांगितलं नाही, मीच ओळखलं. मी त्याला अडवणार नाही. तुम्ही दिसलात तरी त्याला ओळख देऊ नका. हाक मारू नका."

यातलं मला काहीही माहीत नव्हतं. भाचा माझ्या मागेच ओल्या पंच्यात उभा होता, त्याची मान खाली गेली. मी दिराकडे बघितलं. त्याचं तोंड उघडलं होतं, पण शब्द आला नाही. कोणीच होय महाराजा म्हणालं नाही. मीही नाही. पाणी उतरायला लागलं.

नंतर भाच्याने अग्नी दिला. पळसाची पानं ओलसर होती, धूर फार झाला. तिथे ओल्या कपड्यांचा वास होता, पण आम्ही सगळेच अंघोळ करून आलो होतो, म्हणून त्या वासाचा हिशेब मी धरत नाही.

भाचा ठरल्याप्रमाणे गेला. जातो, परत येतो. अंगापिंडाने भरला आहे. जाताना आईच्या पाया पडतो आणि दोघं त्या दुपारबद्दल बोलत नाहीत. पुस्तक मी तेव्हापासून बऱ्याचदा चाळलं. होकार मिळाला पाहिजे असा नियम त्यात कुठेही नाही. बातमी सांगितली की ती पोचली. पण गाऱ्हाणं आपलं होतं, आपल्या समुद्रावर, आपल्या भाषेत घातलेलं, आणि आपल्याकडे होकाराशिवाय ते पुरं होत नाही. त्या पुस्तकाच्या हिशेबाने भावोजी सुटले. आपल्या हिशेबाने शेवटचं वाक्य अजून त्या काठावर आहे.

भाचा समुद्रावर असला की अमावास्येला दुपारच्या सुट्टीत मी मांडवीच्या धक्क्यावर जातो. कोष्टकातल्या वेळेला पाणी थांबतं. ते थांबलेलं असेपर्यंत मी हळूच होय महाराजा म्हणतो आणि कचेरीत परततो. मागच्या खेपेला आक्का आली होती तेव्हा तिने विचारलं, मागल्या दाराला आता कडी घालू का. घाल, असं मी म्हणायला हवं होतं. पोरगा घरी येईपर्यंत राहू दे, असं म्हणालो.