गेरूच्या रेघा

बाबा अकोल्यात दुकानांचे बोर्ड रंगवायचे. फ्लेक्स आले तसं काम कमी होत गेलं. पुढे उजवा हात थरथरायला लागला आणि त्यांनी ब्रश धुऊन माळ्यावर ठेवले.

त्या उन्हाळ्यात मी पुण्याहून घरी आले होते. दुपारी बाहेर पडायची सोय नसायची, म्हणून लॅपटॉप टीव्हीला जोडून गेम खेळत बसायचे. प्राचीन इजिप्तचा गेम. त्यात लढायाही असतात, पण मला नुसतं हिंडायला आवडायचं. एकदा अशीच एका देवळात शिरले. बाबा मागे दिवाणावर पडले होते. मला वाटलं, झोपलेत.

"थांब," ते एकदम म्हणाले. "मांगं घे. त्या भितीजोळ."

मी वळले. आतल्या खोलीतली एक भिंत अर्धीच रंगवलेली होती. एका बाजूला निळेपिवळे देव, दुसऱ्या बाजूला नुसत्या तांबड्या रेघांच्या चौकटी आणि त्यात कुणाच्या तरी पायांची कच्ची आकृती.

बाबा उठून पार टीव्हीपाशी आले. "दोरी मारेल हाय व हे! आमी मारत होतो तशीच."

मोठी भिंत रंगवायची असली की बाबा गेरूत भिजवलेली दोरी ताणायचे, मधोमध उचलून सोडायचे. सरळ रेघ उमटायची. दुसरं टोक आई धरायची.

मी फोनवर शोधलं. इजिप्तमधले चित्रकारही खरंच असंच करायचे. बाबांना त्यात काही नवल वाटलं नाही. "दुसरं काय करतीन?" म्हणाले.

मग रोज चहा झाला की, "चाल, देवळात." ते भिंतीसमोर बसायचे. "हा काढणारा नवखा दिसते, बोटं पाह्य कशी काढली." एक दिवस त्यांनी विचारलं, "पेंटर कुठं हाय?" मी सगळं देऊळ धुंडाळलं. पुजारी होते, झाडणारे होते, पेंटर नव्हता.

"जेवाले गेला असन," बाबा म्हणाले आणि वाट बघत बसले.

मी निघायच्या आदल्या सकाळी मागच्या अंगणातून आईचा आवाज आला, "धरली न, मारा आता." कंपाउंडच्या भिंतीवर बाबा दोरी मारत होते. रेघा सरळ येत होत्या. दोरीला हाताची थरथर कळत नाही. मग त्यांनी ब्रश घेतला, पायाची टाच काढायला गेले आणि रेघ भलतीकडेच गेली. नंतर ओल्या फडक्याने त्यांनी ती पुसून टाकली.

"रेघा तं जमल्या," आई म्हणाली. त्यांनी दोरी पुन्हा गेरूत बुडवली.

परवा आईचा फोन आला. भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत चौकटींनी भरली आहे. आत ते काहीच काढत नाहीत. सकाळी खुर्ची टाकून समोर बसतात. तिथे काय काढायचं त्यांच्या मनात आहे, हे विचारायला मी दोनदा फोन लावला, आणि दोन्ही वेळा उन्हाबद्दल बोलून ठेवून दिला.