गुंडूचे दात आणि पद्माक्का

पद्माक्का माझ्या दवाखान्यात पहिल्यांदा आल्या त्या रीतसर नंबर लावून. बाहेर नंबर लिहायला बसणाऱ्या कामावरच्या मुलीनं पेशंटचं नाव विचारलं, आक्कांनी ‘गुंडू’ सांगितलं. वय विचारलं, ‘नऊ’ म्हणाल्या. आमच्या सांगलीकडे गुंडू हे चांगल्या घरातल्या पोराचं नाव असतं, त्यामुळे तिनं ते मुकाट्यानं लिहून घेतलं आणि नातू मागाहून येत असेल असं समजली. आक्कांचा नंबर लागला तेव्हा दारातून आधी एक तांबूस, गुबगुबीत गावठी कुत्रं आत आलं आणि त्याच्यामागून साखळी धरलेल्या आक्का.

‘‘आक्का, मी माणसांच्या दातांचा डॉक्टर आहे,’’ मी म्हणालो.

‘‘दात ते दात,’’ आक्का म्हणाल्या. ‘‘मानसाचा काय अन् कुत्र्याचा काय. आ कर रं गुंडू.’’

गुंडूनं आ केला. माझ्या खुर्चीत बसणारी माणसंही इतक्या चटकन आ करत नाहीत. बंबाच्या तळाला क्षार धरावा तसं त्याच्या दाढांवर पिवळं-तपकिरी किटण चढलं होतं, आणि तोंडाला असा वास येत होता की बाहेर अक्कलदाढेसाठी थांबलेले गृहस्थ ‘जरा जाऊन येतो’ म्हणाले ते आजतागायत आलेले नाहीत. जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या, असं मी आक्कांना सांगितलं. त्यावर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. ‘‘एवढं शिकून काय केलंस मग?’’ असं म्हणून त्या गुंडूला घेऊन निघून गेल्या.

हे वाक्य मी पुढं इतक्यांदा ऐकलं की माझ्या पदवीवरचा माझाच विश्वास उडत चालला. आक्का आमच्या शेजारच्या बंगल्यात एकट्या राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी इचलकरंजीला दिलेली. घर जैनाचं, आणि आक्का नेमाच्या पक्क्या. कांदा-लसूण नाही, दिवस मावळल्यावर पाण्याशिवाय तोंडात काही नाही. हे सगळं त्यांनी स्वतःपुरतं केलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण गुंडूही जैन होता. त्याला दूध-भाकरी, तूप-भात, अधूनमधून पेढा. आणि तोही दिवस मावळायच्या आत. गल्लीतली बाकीची कुत्री रात्री खाटकाच्या दुकानामागं हाडं फोडत असायची तेव्हा हा जेवून, कुल्ला केल्यासारखं पाणी पिऊन झोपलेला असायचा. चावायला काही कठीण मिळतच नव्हतं, मग किटण धरणार नाही तर काय होणार.

अखेर त्यांची समजूत घालून मी त्यांना जनावरांच्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की भूल देऊन दात नीट साफ करावे लागतील, आणि पुढं रोज ब्रशनं घासावे लागतील. भूल हा शब्द ऐकताच आक्का उठल्या आणि येताना फक्त कुत्र्यांची टूथपेस्ट तेवढी घेऊन आल्या. ती त्यांनी वाचायला माझ्याकडं आणून दिली. तिच्यावर कोंबडीच्या चवीची म्हणून लिहिलं होतं. मी वाचलं आणि पस्तावलो. आक्कांनी ती ट्यूब चिमटीत धरून मेलेल्या उंदरासारखी दुकानात परत नेली आणि दुकानदाराला विचारलं, ‘‘ज्वारीच्या चवीची न्हाई व्हय?’’

मग त्यांनी घरच्या घरी सुरू केलं. भाच्यानं त्यांना मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ काढून दिला होता. त्यातला माणूस बोटाला फडकं गुंडाळून, खोबरेल लावून कुत्र्याचे दात चोळत होता आणि कुत्रं हसत होतं. दर रविवारी सकाळी आक्का अंगणात सतरंजी टाकायच्या आणि मला हाक मारायच्या. मी गुंडूला मागून धरायचं, आक्कांनी पुढून चोळायचं. खोबरेल झालं, खायचा सोडा झाला, मीठ झालं. आमच्या घरातली टूथपेस्ट तेवढी मी हातातून हिसकावून घेतली, कारण कुत्रं ती थुंकत नाही, गिळतं. एवढं करून गुंडू चावायचा तो मला. आक्कांची बोटं त्याच्या घशापर्यंत असायची, पण दात माझ्या मनगटावर उमटायचे.

‘‘तू धरतोसच तसं,’’ आक्का म्हणायच्या. ‘‘मानसाला तरी कसं धरतोस कुनास ठाव.’’

चोळून किटण हलेना तेव्हा त्या आकड्यानं खरवडायला लागल्या, केसातल्या आकड्यानं. मी त्यांना सांगितलं की असं खरवडलं की दाताला चरे पडतात, चऱ्यात किटण आणखी लवकर धरतं, आणि खरी घाण हिरडीच्या खाली असते, तिथं तुमचा आकडा पोचत नाही. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. ‘‘दिसतंय ते काढावं,’’ आक्का म्हणाल्या. ‘‘दिसत न्हाई त्याच्या मागं लागू न्हाई.’’ एक दिवस मी दवाखान्यात असताना त्यांनी माझ्या बायकोकडून किटण काढायचं माझं घरी पडलेलं जुनं हत्यार मागून नेलं. बायकोनं ते दिलं. का दिलं, तर म्हणे आक्कांना नाही कसं म्हणायचं.

त्यानंतरच्या रविवारी गुंडूचे दात पांढरेशुभ्र होते. आक्का त्याला सगळ्या गल्लीत फिरवून आल्या. प्रत्येक फाटकाशी थांबून त्याचा ओठ वर करून दाखवत होत्या. आमच्या फाटकाशी आल्यावर मला ऐकू जाईल अशा बेतानं माझ्या बायकोला म्हणाल्या, ‘‘दात कोरून पोट भरत न्हाई म्हंत्यात. तुझ्या नवऱ्याचं भरतंय की. माझं बी भरंल आता.’’

पण गुंडूचं पोट भरेना. महिनाभरातच तो जेवताना मान एका बाजूला वाकडी करायला लागला. घास तोंडात घ्यायचा, सोडायचा, ताटलीकडं बघत बसायचा. मऊ भातसुद्धा संपवायला तास-तास लागायचा. आणि इथं खरा पेच होता. आक्कांचा आणखी एक नेम होता, तो मला तेव्हा पहिल्यांदा कळला. घरातल्या मुक्या जीवाचं झाल्याशिवाय त्या जेवायच्या नाहीत. गुंडूचं संपेपर्यंत दिवस मावळायचा, आणि दिवस मावळला की आक्कांचं जेवण संपलं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेली सत्तरी उलटलेली बाई संध्याकाळी नुसत्या पाण्यावर झोपत होती. दळण आणायला गेल्यावर एकदा गिरणीतच त्या मटकन खाली बसल्या, तेव्हा गिरणीवाल्यानं मला बोलावलं. चक्कर येत होती, हात थरथरत होते. मी तोंडात साखर घातली आणि रिक्षानं घरी आणलं.

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. संध्याकाळी पाचाला मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसलो. ‘‘आक्का, गुंडू जेवल्याशिवाय तुम्ही जेवणार नाही ना? मग तुम्ही जेवल्याशिवाय मी जेवणार नाही. आणि मी जेवल्याशिवाय आमच्या घरात कुणी जेवणार नाही.’’

‘‘येडा हैस का रं,’’ आक्का म्हणाल्या.

‘‘हो,’’ मी म्हणालो.

त्यांना वाटलं हा अर्ध्या तासात उठेल. मी उठलो नाही. गुंडू ताटलीपाशी मान वाकडी करून बसला होता, आक्का चुलीपाशी, मी पाटावर. खिडकीतलं ऊन भिंतीवरून वर सरकत गेलं. मध्ये बायको बोलवायला आली, तिला मी सगळं सांगितलं, तशी तीही भिंतीला टेकून बसली. आता आक्कांची चुळबुळ सुरू झाली. दारी आलेलं माणूस त्यांच्या घरातून कधी उपाशी गेलं नव्हतं, आणि इथं दोन माणसं जमिनीवर उपाशी बसली होती, त्यातलं एक गल्लीतली सून. भिंतीवरचं ऊन गेलं तेव्हा आक्का म्हणाल्या, ‘‘हिनं काय पाप केलंय? उठ गं पोरी.’’ ती उठली नाही. तेव्हा मला ती फार आवडली.

‘‘बरं बाबा,’’ आक्का शेवटी म्हणाल्या. ‘‘उद्या न्हेऊ त्याला. पर भुलीतनं उठला न्हाई तर तुझं तोंड बघनार न्हाई मी.’’

दुसऱ्या दिवशी आम्ही गुंडूला नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, भूल झेपेल म्हणाल्या. पांढऱ्याशुभ्र दातांच्या हिरडीखाली पू झाला होता. तीन दाढा काढून टाकाव्या लागल्या, बाकीचे दात त्यांनी खालपर्यंत साफ केले. तेवढा वेळ आक्का बाहेरच्या बाकावर णमोकार मंत्र म्हणत होत्या आणि मधूनमधून माझ्याकडं असं बघत होत्या की मीही मनातल्या मनात म्हणायला लागलो. दुपारी गुंडू झिंगत, जीभ बाहेर काढून, पण स्वतःच्या पायांनी बाहेर आला. आक्का त्याच्या गळ्यात पडून रडल्या. मला मात्र म्हणाल्या, ‘‘हे आदीच का न्हाई केलंस?’’ मी मोटार चालू केली.

दोन-तीन दिवसांत गुंडू ताटली चाटूनपुसून साफ करायला लागला, आणि आक्का वेळेवर जेवतील असं समजून मी निश्चिंत झालो. मग एका दुपारी, दवाखान्यात कुणी नसताना, आक्का एकट्याच आल्या. कुत्रं नव्हतं. खुर्चीत चढून बसल्या आणि डोळे गच्च मिटून आ केला.

मी दिवा जवळ ओढला. खालच्या दोन दाढा पार किडल्या होत्या, खड्ड्यांत लवंग कोंबलेली, हिरडी सुजून लाल झालेली. असं तोंड घेऊन माणसाला भाकरी चावता येत नाही. गुंडूबरोबर ही बाई कित्येक महिने दुधात कालवलेलंच खात होती, आणि आणखी वाढू का म्हटलं की ‘पोट भरलं’ म्हणत होती.

‘‘कधीपासून दुखतंय?’’

‘‘हाय की लई दिस.’’

‘‘आणि शेजारी दातांचा डॉक्टर राहतोय.’’

‘‘तू भूल देतो म्हनला असतास तर?’’ आक्का डोळे मिटूनच म्हणाल्या. ‘‘मला लय भ्या वाटतंय रं त्याचं. गुंडू उठला, मग मला बी धीर आला.’’

दाढेला तसली भूल देत नाहीत, जागच्या जागी एक सुई टोचतात, हे मी त्यांना समजावलं. सुई देताना त्यांनी माझं मनगट धरलं होतं, गुंडूनं जिथं धरायची सवय लावली होती तिथंच. एक दाढ निघाली. दुसरी निघाली. तोंडात बोळा धरून आक्का उठून बसल्या, बाजूच्या भांड्यात पडलेल्या दाढांकडं बघितलं आणि बोबडं बोलत मला म्हणाल्या, ‘‘एवढंच व्हय? मग इतकी वर्सं सांगितलं का न्हाईस?’’

मी हात टेकले ते तेव्हा.

त्यानंतरची दीडेक वर्षं आक्का मजेत जेवल्या. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी कुडुमकुडुम खाऊन मला मुद्दाम आवाज ऐकवायच्या. यंदाच्या उन्हाळ्यात एका सकाळी गुंडू आमच्या दाराशी येऊन ओरडायला लागला. आक्का अंथरुणातच गेल्या होत्या. ओट्यावर ओवा आणि गरम पाण्याचा पेला होता. कामाच्या बाईनं नंतर सांगितलं, की दोन दिवस छातीत कळ येत होती, आक्का म्हणाल्या गॅस झालाय, डॉक्टरला सांगू नको, उगं दवाखान्यात न्हेऊन भूल देऊन झोपवील. आदल्याच संध्याकाळी मी त्यांच्या कट्ट्यावर बसून चहा प्यालो होतो. गुंडूच्या पुढच्या दातावर पिवळं दिसतंय का बघ म्हणाल्या. मी बघितलं. स्वतःच्या छातीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

मुलीच्या घरी कुत्रं चालत नाही, म्हणून गुंडू आता आमच्याकडं असतो. त्याचे दात मी रोज घासतो, आणि घासताना मला आक्कांचा असा राग येतो की हात थांबतो. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मला जमत नाही. हल्ली दवाखान्यात कुणी म्हातारं माणूस नातवाला नाहीतर सुनेला दाखवायला घेऊन आलं, की मी त्यालाही विचारतो, तुमचं काही दुखतंय का. काही नाही, असंच सगळे सांगतात. मी ऐकत नाही. खुर्ची मागं करतो आणि म्हणतो, बसा, तोंड उघडा.